राजकीय निर्णयांत स्त्रियांचा निम्मा वाटा: घोडं नेमकं कुठे अडतं?

शाईदौत

न्यूझीलंडमधल्या स्त्रियांना संसदेसाठी मत देण्याचा अधिकार १८९३ मध्ये मिळाला, जगात सगळ्यांत आधी. निवडणुकीला उभं राहण्याचा अधिकार मात्र १९१९ मध्ये मिळाला आणि पहिली स्त्री, एलिझाबेथ मॅककॉम्ब्स, संसदेत गेली १९३३ मध्ये. मधे चाळीस वर्षं गेली. ऑस्ट्रेलियाने १९०२ मध्ये दोन्ही अधिकार एकदमच दिले (मूलनिवासी स्त्रियांना बहुतांशी वगळून, हेही लिहायलाच हवं). तरी तिथल्या संघीय संसदेत पहिल्या दोघी पोचल्या त्या १९४३ मध्ये.

ही सालं पहिल्यांदा शेजारीशेजारी मांडली तेव्हा मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले होते. कायद्याने मनाई नव्हती. मग एवढी वर्षं आडवं काय आलं?

'बायकाच पुढे येत नाहीत' हे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलंय. मीही कितीतरी वर्षं ते खरं मानत होते. ते खरं असतं तर फिनलंडमध्येही तसंच व्हायला हवं होतं. तिथे १९०६ मध्ये मत देण्याचा आणि उभं राहण्याचा अधिकार एकाच वेळी मिळाला आणि १९०७ च्या पहिल्याच निवडणुकीत २०० जणांच्या संसदेत १९ स्त्रिया निवडून आल्या. त्यांतल्या ९ सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या. कामगार चळवळीत, स्त्रियांच्या संघटनांत राबणाऱ्या बायका तयारच होत्या आणि पक्षांनी त्यांची नावं यादीत घातली.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. मतदार फार नंतर येतो. त्याच्यासमोर कोणती नावं ठेवायची हे त्याआधी एका खोलीत ठरलेलं असतं. पक्षाच्या उमेदवार निवडीची ती बैठक, तिथे बसणारी पाच-दहा माणसं आणि त्यांच्यावर असलेले किंवा नसलेले नियम, यांवर स्त्रियांचं प्रतिनिधित्व सर्वांत जास्त अवलंबून असतं. आपण मात्र सगळी चर्चा स्त्रियांच्या आत्मविश्वासावर आणि समाजाच्या मानसिकतेवर करत राहतो.

अर्जेंटिनाचं बघा. १९९१ मध्ये त्यांनी कायदा केला की संसदेच्या उमेदवार यादीत किमान ३० टक्के स्त्रिया हव्यात, आणि त्याही निवडून येण्याजोग्या क्रमांकांवर. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. तिथे मतदार पक्षाच्या यादीला मत देतो. पक्षाला पाच जागा मिळाल्या तर यादीतली वरची पाच नावं संसदेत जातात, त्यामुळे आठव्या क्रमांकावर नाव घातलं काय आणि न घातलं काय, सारखंच. कायदा झाल्यावरही १९९३ च्या निवडणुकीत स्त्रियांना खाली ढकलण्याचे प्रकार झालेच. कोर्दोबा प्रांतातल्या मारिया मेर्सियाद्री दे मोरिनी यांनी आपल्याच पक्षाच्या यादीविरुद्ध न्यायालय गाठलं. देशात दाद लागली नाही, तेव्हा त्यांनी प्रकरण आंतरअमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे नेलं. २००१ मध्ये ते सामोपचाराने मिटलं, पण तोवर सरकारला क्रमांकांचे नियम नव्याने आणि कडक लिहावे लागले होते. २०१७ मध्ये तिथे एकाआड एक, निम्मंनिम्मं असा कायदा झाला.

ट्युनिशियाने २०११ मध्ये एकाआड एक हा नियम थेट सक्तीचाच केला: यादीत एक पुरुष, एक स्त्री, पुन्हा पुरुष, पुन्हा स्त्री, शेवटपर्यंत. कागदावर निम्मा वाटा पक्का झाला. पण पहिलं नाव कोणाचं याबद्दल नियमात काहीच नव्हतं. जेमतेम ७ टक्के याद्यांवर पहिलं नाव स्त्रीचं होतं. पक्ष भाराभर, बऱ्याच याद्यांना एकेकच जागा मिळाली आणि ती जागा पहिल्या नावाची. निम्म्या उमेदवार स्त्रिया असूनही संविधान सभेत त्या सुमारे एक चतुर्थांशच पोचल्या. मग २०१८ च्या स्थानिक निवडणुकांसाठी भर घातली की पक्षाच्या निम्म्या याद्यांवर पहिलं नाव स्त्रीचं हवं. निवडून आलेल्यांत स्त्रिया ४७ टक्के झाल्या. देश तोच, मतदार तेच.

आंतरसंसदीय संघाच्या नोंदींप्रमाणे जगभरच्या संसदांत १९९५ मध्ये ११.३ टक्के स्त्रिया होत्या, २०२५ च्या सुरुवातीला २७.२ टक्के. तीस वर्षांत सोळा टक्क्यांची वाढ. याच चालीने निम्म्यावर यायला आणखी चाळीसेक वर्षं लागतील. एवढं थांबायची माझी तयारी नाही. तुमचे अनुभव आणि विरोधातले मुद्देही वाचायला आवडतील.

पाऊलवाट

फार नेमकं लिहिलंयत, ताई. एक शंका. एखाद्या देशात स्त्री सर्वोच्च पदावर पोचली की हळूहळू बाकीच्यांनाही वाट मोकळी होते, असं मी समजत होते. तसं होत नाही का?

शाईदौत

आपोआप होत नाही, पाऊलवाट. श्रीलंकेत सिरिमावो बंदरनायके १९६० मध्ये पंतप्रधान झाल्या, जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान. पुढे त्यांची मुलगी राष्ट्राध्यक्ष झाली. तरी त्या संसदेत स्त्रियांचं प्रमाण वर्षानुवर्षं पाच-सहा टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिलं. २०२४ मध्ये २२५ पैकी २२ निवडून आल्या तेव्हा कुठे ते दहाच्या जवळ गेलं. जपानमध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये सानाए ताकाइची पंतप्रधान झाल्या तेव्हा कनिष्ठ सभागृहात ४६५ पैकी ७३ स्त्रिया निवडून आलेल्या होत्या. जपानने २०१८ मध्ये समान उमेदवारीचा कायदा केलाय, पण त्यात सक्ती नाही आणि दंडही नाही. पक्षांनी 'प्रयत्न करावा', एवढंच.

नॉर्वेत मात्र उलटं झालं. पंतप्रधान ग्रू हार्लेम ब्रुंटलँड यांनी १९८६ मध्ये १८ पैकी ८ स्त्रिया असलेलं मंत्रिमंडळ बनवलं, पण त्यांच्या मजूर पक्षाने १९८३ मध्येच स्त्रिया आणि पुरुष दोघांनाही किमान ४० टक्के हा नियम स्वीकारलेला होता. वर एक स्त्री होती आणि खाली नियमही होता.

सरळरेघ

मला हे पटत नाही. का ते स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

पहिलं, मतदाराला हवा तो प्रतिनिधी निवडू द्या. आधीच अर्ध्या जागा अमक्यांच्या म्हटलं की त्याची निवड तेवढी आखडते. दुसरं, कोटा आला की गुणवत्ता मागे पडते. स्त्री म्हणून नाही, कोणीही असो, हक्काची जागा मिळणारा माणूस मेहनत कमी करतो. तिसरं, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आरक्षित जागेवर निवडून येते बायको आणि सही-शिक्क्यापर्यंत सगळा कारभार बघतो नवरा. पाटी फक्त बदलते. अशा प्रतिनिधित्वाने स्त्रियांचं काय भलं होतं?

शाईदौत

राग कशाला, दादा. हेच मुद्दे मनात ठेवून लोक गप्प बसतात.

मतदाराच्या निवडीबद्दल. ती आत्ताही आखडलेलीच आहे. पाच पक्षांनी पाच पुरुष उभे केले तर स्त्रीला मत द्यायची इच्छा असलेला मतदार काय करणार? ही चाळणी लावणारे आपल्याला दिसत नाहीत, म्हणून ती चाळणी वाटत नाही.

गुणवत्तेबद्दल एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. स्वीडनच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने १९९३ मध्ये स्वतःहून एकाआड एक नावांचा नियम केला. अर्थशास्त्रज्ञ टिमथी बेस्ली आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी पुढे तिथल्या नगरपालिकांची माहिती तपासली. जिथे हा नियम जास्त जाणवला, म्हणजे जिथे आधी पुरुषच पुरुष होते, तिथे निवडून आलेल्या पुरुषांचीच सरासरी क्षमता वाढलेली दिसली. जागा कमी झाल्यावर आधी गळाले ते सुमार वकुबाचे पुरुष, आणि त्यांना जपणारे तसलेच नेते. हे पुराव्यासकट २०१७ मध्ये छापून आलंय.

तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला मी एका ओळीत उत्तर देणार नाही, कारण तो खरा आहे. नवरा कारभार बघतो अशी ठिकाणं आहेत. पण सरसकट तसंच असतं का, हे तपासलं गेलंय. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास केला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या पंचायतीचं प्रमुखपद स्त्रीसाठी राखीव ठरेल हे तिथे योगायोगाने ठरत होतं, म्हणून तुलना चोख करता आली. दोन्ही राज्यांत राखीव पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला. गावातल्या बायका सर्वांत जास्त तक्रारी पाण्याच्याच करत होत्या. राजस्थानात बायकांच्या गाऱ्हाण्यांत रस्ते फारसे नव्हते, तर तिथल्या राखीव पंचायतींत रस्त्यांवरचा खर्च कमी झाला. पश्चिम बंगालमध्ये बायकांना रस्तेही हवे होते, तिथे तो वाढला. सगळा कारभार नवऱ्यांच्याच मनाने चालला असता तर हा फरक कुठून आला असता?

माळरान

आजवर इथे मी नुसती वाचत होते. आज राहवलं नाही.

मी एका पक्षात चौदा वर्षं काम केलं. पक्षाचं नाव लिहीत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. उमेदवार ठरवायच्या बैठकीचा निरोप संध्याकाळी सातचा असायचा. माणसं जमेपर्यंत साडेनऊ. मग भाषणं. खरा विषय निघायचा साडेअकराच्या पुढे, आणि तोवर आम्ही तिघी-चौघी घड्याळ बघत उठलेल्या असायचो. एकदा मी हट्टाने थांबले. एक वाजता बैठक 'तहकूब' झाली आणि सहा जण आतल्या खोलीत गेले. दार लागलं. यादी तिथे झाली. सकाळी इतिवृत्तात लिहिलं होतं, 'सर्वानुमते'. त्या सर्वांत मी होते का?

मला मुलाखतीत विचारलं, 'खर्च किती कराल?' आणि 'घरून परवानगी आहे ना?' माझ्या आधी आत गेलेल्याला दुसरा प्रश्न विचारला नव्हता. मी बाहेर आल्यावर त्याला विचारून खात्री केली.

शेवटी एकदा उमेदवारी मिळाली. कुठली? पक्षाची अनामत रक्कमही कधी वाचली नव्हती अशी जागा. मी घर न् घर फिरले, आधीच्यापेक्षा दुप्पट मतं आणली, हरले. पुढच्या वेळी त्याच खोलीतून उत्तर आलं, 'ताई, तुम्ही मागे पडला होतात, निवडून येण्याची क्षमता बघावी लागते.' आणि मग नेहमीचं, 'महिला आघाडी तुमच्याशिवाय कोण सांभाळणार?'

सरळरेघ, मेहनत कमी केली म्हणून मी मागे राहिले नाही हो. एवढंच सांगायचं होतं.

अबोली

माळरानताई, 'सर्वानुमते' वाचून घशाशी आलं. लिहीत राहा.

तळटीप

माळरान यांना हरणारी जागा दिली, हे अनेक देशांत इतकं सर्रास चालतं की मेक्सिकोला त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागली: आधीच्या निवडणुकीत पक्षाला सर्वांत कमी मतं मिळालेले मतदारसंघ फक्त एकाच लिंगाच्या उमेदवारांना देता येणार नाहीत. मेक्सिकोची कहाणी खरंतर पूर्ण सांगायला हवी, कारण सरळरेघ यांच्या नवऱ्याच्या मुद्द्याचं उत्तर तिथे आहे.

तिथे प्रत्येक उमेदवारासोबत एक पर्यायी सदस्य निवडला जातो, मूळ सदस्याने जागा सोडली की तो येतो. कोटा पाळायला पक्षांनी स्त्रिया उभ्या केल्या आणि पर्यायी म्हणून पुरुष दिले. २००९ च्या निवडणुकीनंतर निवडून आलेल्या अनेक स्त्रियांनी लगेच जागा सोडली आणि त्यांच्या खुर्चीवर पुरुष बसले, काही ठिकाणी तर नवरेच. या प्रकाराला तिथे 'हुआनिता' असं नाव पडलं. त्यावर वेगवेगळ्या पक्षांतल्या स्त्रिया एकत्र आल्या आणि न्यायाधिकरणाकडे गेल्या. २०११ मध्ये निवडणूक न्यायाधिकरणाने निकाल दिला की स्त्री उमेदवाराची पर्यायी सदस्यही स्त्रीच हवी. पळवाट बुजली. २०१४ मध्ये संसदेच्या उमेदवारीत निम्मा वाटा संविधानात आला, २०१९ मध्ये तो शासनाच्या सगळ्या शाखांना लागू केला आणि २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहात ५०० पैकी बरोबर २५० स्त्रिया बसल्या. क्लाउडिया शेइनबॉम राष्ट्राध्यक्ष झाल्या २०२४ मध्ये, या सगळ्यानंतर.

नाममात्र प्रतिनिधी दिसले की आपण म्हणतो कोटा फसला. तिथल्या बायकांनी म्हटलं, नियम अपुरा आहे.

एक पुरवणी. मूळ लेखातली अर्जेंटिना आणि ट्युनिशिया ही दोन्ही उदाहरणं यादी पद्धतीची आहेत. एका मतदारसंघात एकच उमेदवार अशी पद्धत असेल तर एकाआड एक कसं करणार? फ्रान्समध्ये ही अडचण उघड दिसते. २००० च्या समानता कायद्यानंतर मोठ्या नगरपालिकांत, जिथे यादी आहे, तिथे २००१ मध्ये स्त्रिया एकदम ४७.५ टक्के झाल्या. राष्ट्रीय सभेसाठी मात्र एकेक मतदारसंघ, आणि कायदा मोडला तर पक्षाच्या सरकारी अनुदानात कपात एवढीच शिक्षा. मोठ्या पक्षांनी कपात सोसली. २००२ मध्ये स्त्रिया १२.३ टक्के. त्याच देशाने पुढे जिल्हा पातळीच्या परिषदांसाठी तोडगा काढला: प्रत्येक मतदारसंघातून एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडीच उभी राहते आणि जोडीच निवडून येते. २०१५ पासून त्या परिषदा निम्म्यानिम्म्या आहेत.

कंदील

तळटीप, त्या परिषदांचे अध्यक्ष कोण झाले तेही लिहा ना. २०१५ मध्ये निम्मं सभागृह स्त्रियांचं, आणि अध्यक्षांत दहात जेमतेम एक स्त्री!

मला या चर्चेत हाच मुद्दा सर्वांत मोठा वाटतो. नेपाळमध्ये २०१७ च्या स्थानिक निवडणुकांत नियम होता की प्रमुख आणि उपप्रमुख या दोन पदांसाठी पक्ष दोन उमेदवार देत असेल तर त्यांतली एक स्त्री हवी. शिवाय प्रत्येक प्रभागात दोन स्त्रिया, त्यांतली एक दलित. चौदा हजारांहून जास्त स्त्रिया निवडून आल्या, सगळ्या सदस्यांत ४० टक्क्यांच्या वर. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण पक्षांनी प्रमुखपदाला पुरुष आणि उपप्रमुखपदाला स्त्री असं जवळजवळ सगळीकडे केलं. उपप्रमुखांत नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रिया, आणि ७५३ ठिकाणच्या प्रमुखांत फक्त १८. पुढे २०२२ मध्ये आघाड्या झाल्या, एका पक्षाने प्रमुख आणि दुसऱ्याने उपप्रमुख असं वाटून घेतलं. पक्षागणिक एकच उमेदवार, म्हणून नियमच लागू होईना. उपप्रमुखपदावरच्या स्त्रियाही घटल्या.

मंत्रिमंडळांचंही तेच. जगभरात मंत्र्यांमध्ये स्त्रिया अजून चौथा हिस्साही नाहीत, आणि ज्या आहेत त्यांच्याकडे बहुधा महिला-बालकल्याण, समाजकल्याण, संस्कृती. अर्थ आणि संरक्षण ही खाती फार थोड्या जणींकडे. पैसा कुठे जाणार हे अर्थ खात्यात ठरतं, समित्यांत ठरतं. सभागृहात निम्म्या बसल्या आणि अर्थ समितीत दोघीच असल्या तर निर्णयातला वाटा निम्मा कसा म्हणायचा?

तळटीप

मान्य, कंदील. त्याच ओघात एक सावधगिरीचा मुद्दा. अशा चर्चेत रुआंडाचं नाव हमखास येतं. २००३ च्या संविधानात किमान ३० टक्के, कनिष्ठ सभागृहातल्या ८० पैकी २४ जागा स्त्रियांसाठी राखीव, २००८ मध्ये ५६ टक्के आणि पुढे ६० च्याही वर. स्त्रियांचं बहुमत असलेली ती जगातली पहिली संसद. वंशसंहारानंतर तिथल्या बायकांनी देश उभा केला, हे कोणी नाकारू नये. मात्र तिथे सत्ता राष्ट्राध्यक्षांच्या हाती एकवटलेली आहे आणि विरोधाला जागा फार कमी. संसदेलाच हात बांधून बसावं लागत असेल तर तिथल्या पुरुषांच्या हातातही फारसं काही नाही. म्हणून आकड्यांच्या क्रमवारीत पहिला म्हणून तो नमुना धरायला माझं मन तयार होत नाही.

पाऊलवाट

आणि आपल्या देशाचं? २०२३ चा कायदा झालाच आहे की.

शाईदौत

झालाय. १०६ वी घटनादुरुस्ती, लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा. पहिलं विधेयक १९९६ मध्ये आलं होतं, म्हणजे कायदा व्हायलाच सत्तावीस वर्षं लागली. अंमल मात्र कायद्यानंतरच्या पहिल्या जनगणनेवर आधारित मतदारसंघ पुनर्रचनेशी बांधलेला आहे. २०२४ ची निवडणूक त्याशिवायच झाली आणि ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या, १३.६ टक्के. कायदा एकमताच्या जवळपास संमत करणारे पक्ष त्याच वर्षभरात स्वतःहून एक तृतीयांश उमेदवारी देऊ शकले असते. मनाई कोणाचीच नव्हती. माझा मुख्य मुद्दा हाच आहे.

अजून एक खटकतं, ते फिरत्या आरक्षणाचं. पंचायत-पालिकांत आज राखीव असलेला प्रभाग पुढच्या वेळी खुला होतो. पाच वर्षं काम केलेल्या बाईला पुढच्या वेळी उमेदवारी मिळत नाही, 'आता महिला राखीव नाही' म्हणून. लोकांशी जुळलेलं नातं, कामाची माहिती, सगळं वाया. पुन्हा कोणीतरी नवखी, पुन्हा 'तिला कुठे काय कळतं'. बंगालमध्ये एका पाहणीत दिसलं होतं की ज्या गावांनी सलग दोनदा स्त्री प्रमुख पाहिली तिथे पुढे खुल्या जागांवरही स्त्रिया जास्त उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या. सवय व्हायला वेळ लागतो, आणि फिरत्या चक्रात तो वेळच मिळत नाही.

अबोली

कोणी धमक्यांबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते. बोलिव्हियात हुआना किस्पे या नगरसेविकेला पदावरून हटण्यासाठी छळलं गेलं आणि मार्च २०१२ मध्ये तिचा खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी तिथे स्त्रियांवरील राजकीय छळ आणि हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. मी कुठल्याही पक्षात नाही, पण एका सार्वजनिक प्रश्नावर सही करून पत्र लिहिलं तेव्हा मला जे निरोप आले ते मी आईला अजून दाखवलेले नाहीत. 'बायका पुढे येत नाहीत' म्हणणाऱ्यांनी हेही मोजावं.

माळरान

अबोली, बाळ, ते निरोप पुसू नकोस. तारखांसकट जपून ठेव आणि तक्रार करताना एकटी जाऊ नकोस.

सरळरेघ

चार दिवस काही लिहिलं नाही, कारण माळरान यांचा प्रतिसाद डोक्यातून जात नव्हता. मीही एका पक्षाच्या स्थानिक शाखेत आहे. आमच्या बैठकाही अशाच चालतात. आतल्या खोलीत जाणाऱ्यांत मी दोनदा होतो. त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पक्षाची घटना काढून वाचली. निवड मंडळ अकरा जणांचं, त्यात 'किमान दोन महिला'. गणपूर्ती सहाची. म्हणजे त्या दोघी नसल्या तरी मंडळाचं काहीच अडत नाही. हे वाक्य मी याआधी निदान दहा वेळा वाचलं असेल.

निम्म्या वाट्याबद्दल माझी एक शंका अजून शिल्लक आहे. उद्या स्त्रिया जास्त निवडून येऊ लागल्या तर? तेव्हा हाच नियम त्यांना अडवेल ना?

तळटीप

अडवेल, आणि एकदा तसं झालंही. चिलीने २०२१ मध्ये संविधान लिहायला १५५ जणांची सभा निवडली, निकालानंतर जागा जुळवून समतोल राखायचा असा नियम ठेवून. हा नियम केला होता स्त्रियांसाठी. प्रत्यक्षात मतदारांनी स्त्रियांना इतकी मतं दिली की पुरुषांपेक्षा जास्त स्त्रियांनाच आपली जागा सोडावी लागली. शेवटी ७८ पुरुष, ७७ स्त्रिया. नियम दोघांनाही सारखाच लागला.

संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीभेदभाव निर्मूलन समितीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ४० वी सर्वसाधारण शिफारस स्वीकारली. त्यातही ३० टक्क्यांवर समाधान न मानता सर्व निर्णय व्यवस्थांत ५०-५० हेच उद्दिष्ट धरलंय.

सरळरेघ

ठीक. मग एक मदत करा. आमची वार्षिक सभा दोन महिन्यांनी आहे. घटनादुरुस्तीचा ठराव सभासद मांडू शकतो, सूचक आणि अनुमोदक लागतात. मी असा मसुदा केलाय:

'उमेदवार निवड मंडळात निम्म्या सदस्य महिला असतील. जाहीर होणाऱ्या उमेदवारांत निम्म्या महिला असतील.'

शाईदौत

दादा, मनापासून आनंद झाला. पण या मसुद्यात ट्युनिशिया आणि नेपाळ दोन्ही होतील. एवढी भर घाला:

'मागील निवडणुकीत पक्षाने जिंकलेल्या आणि हरलेल्या जागा वेगळ्या मोजून, दोन्ही गटांत निम्म्या उमेदवार महिला असतील. मंडळातील महिला सदस्याची जागा रिकामी झाल्यास ती महिलेनेच भरली जाईल. उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला नसल्यास गणपूर्ती झाली असे मानले जाणार नाही.'

आणि मंडळाचं अध्यक्षपद आलटून पालटून ठेवा, नाहीतर कंदील रागावतील.

कंदील

रागावेनच! खर्चाची मंजुरी कोण देतं तेही बघून घ्या, ती समिती वेगळी असेल तर तिलाही हाच नियम लावा.

माळरान

अजून एक ओळ घाला, सरळरेघ. 'मंडळाची बैठक दिवसा होईल, तहकूब बैठकीत उमेदवारीचा निर्णय घेतला जाणार नाही, आणि इतिवृत्तात उपस्थित प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी नोंदवले जाईल.'

सरळरेघ

घातली. अनुमोदक म्हणून आमच्या शाखेतल्या एका ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सूचक मी होते, अनुमोदन तुम्ही द्या. तसंच करतोय.